मोहाखालची रिकामी जागा

वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोडूस, आंबूस वास आला की मला माझं एक शहाणपण आठवतं. पाच वर्षांच्या लेकीच्या हातातला मोबाइल सुटावा म्हणून त्या उन्हाळ्यात मी तिला रोज पहाटे, शेजारच्या बाईंसोबत, जंगलात मोहफुलं वेचायला न्यायचो. जंगल वाघाचं, म्हणून बाईंचा नियम एकच होता: वेचताना मधूनमधून हाक मारायची आणि ऐकणाऱ्यानं लगेच ओ द्यायची. एके दिवशी मला गंमत सुचली. मी जाडजूड मोहामागं लपलो आणि लेकीच्या हाकेला ओ दिलीच नाही. दुसरी हाक आली, तिसरी आली, मग हाक थांबली. पाखरंही थांबली. कुठंतरी एक वानर इशाऱ्याचं खोकलं. मी डोकावलो तर लेक बाईंचा पदर धरून उभी होती, आणि माझ्याकडं नाही, माझ्या मागं पाहत होती. "बाबा, पळू नको," ती हळूच म्हणाली. "तोंड तिकडं कर आन् उलटा चालत ये." "काऊन?" "तो तुले पाहून राह्यला." मी वळलो. वारा नव्हता, तरी समोरचं झुडूप हलत होतं. उलटा चालत मी बाईंपाशी पोचलो, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "लेकरू आठ दिवसांत शिकलं, भाऊ. तुमचंच अवघड हाये." ऊन चढल्यावर गावकऱ्यांसोबत तिथंच राहिलेली टोपली आणायला गेलो. झाडाखाली फुलांचा सडा होता. मी लपलो होतो तिथून चार हातांवर मात्र माणसाहून लांब अशी एक जागा रिकामी होती. फुलं गळायच्या आधीपासून तो तिथंच पडून होता. आता घरात लेकीनं नुसतं "बाबा" म्हटलं, तरी मी तोंडात घास असताना ओ देतो.