मेव्हण्याच्या नावानं भरलेला फॉर्म

माझ्या मेव्हण्यानं माझं घर मोडलं, असं मी त्या वर्षी भेटेल त्याला सांगत होतो. चाकणच्या कंपनीत त्याला मीच चिकटवला, तोही आमच्याच लाइनवर. सुट्टीच्या दिवशी माझ्याच पुडीतल्या गांजाचे दोन झुरके घेऊन "दाजी, तुमच्यासारखा माणूस न्हाई" म्हणायचा. आणि एक दिवस यानंच बहिणीला सांगितलं की, दाजी रोज ओढतात, कामावर येण्याआधीसुद्धा. बायको पोरीला घेऊन दिघीला माहेरी निघून गेली. खाल्ल्या घरचे वासे मोजले हरामखोरानं! मलाही त्याला तसाच उघडा पाडायचा होता.

संधी कंपनीनंच दिली. गांजाची सवय हाताबाहेर गेलीय का, हे ज्याचं त्यानं ओळखावं म्हणून सगळ्यांच्या मोबाइलवर एक ऑनलाइन कोर्स आला. आमच्या लाइनवर असले कोर्स कुणी स्वतः करत नाही. सगळे आपापला पासवर्ड एकाकडे देऊन टाकतात आणि तो एकटा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे व्हिडिओ पळवतो, बटणं दाबतो. तो एकटा म्हणजे मी. मेव्हण्याचाही पासवर्ड माझ्याकडे होता.

त्या दिवशी डबा बाजूला सारून मी कोर्समधला प्रश्नांचा फॉर्म त्याच्या नावानं भरायला बसलो. उठल्या उठल्या ओढावंसं वाटतं का? हो. ठरवूनही थांबता आलं नाही, असं झालंय का? कैकदा. घरच्यांशी खोटं बोलता का? रोज. शेवटी होतं, गांजामुळे एखादी जबाबदारी चुकली असेल तर स्वतःच्या शब्दांत लिहा. मी झोकात लिहिलं, 'ओढून पडलो होतो, पोरगी शाळेच्या गेटवर अर्धा तास उभी राहिली.' निकाल लालभडक आला. तुम्हाला मदतीची गरज आहे! हा निकाल कंपनीला दिसत नाही, ज्याचा त्यालाच दिसतो. म्हणून उत्तरांसकट फोटो काढून मी बायकोला पाठवला. खाली लिहिलं, बघ तुझ्या भावाचे प्रताप. इतकं समाधान मला दिवाळीच्या बोनसनंही दिलं नव्हतं.

दहा मिनिटांत तिचा फोन आला.

"अहो, माझ्या भावाचं अजून लग्न तरी झालंय का? त्याला पोरगी कुठनं आली?"

कँटीनमध्ये शंभर माणसं जेवत होती, मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. मेव्हण्याची धड एक चूक मला आठवली नव्हती, म्हणून माझ्याच काढून मी त्याच्या अंगाला लावल्या होत्या. तरी तेव्हा राग आला तो त्याचाच. खोटं कशाला बोलू?

"आता तोच फॉर्म तुमच्या नावानं भरा, मग बघू यायचं का ते," ती म्हणाली. "आणि अर्धा तास लिहू नका. दीड तास उभी होती ती. वॉचमननं त्याच्या डब्यातली भाकरी दिली तिला."