कमरेएवढा जोंधळा

बायकोला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाचं गुरुजी देवळात करून देणार होते, पण घरच्या नैवेद्याला मला ज्वारीची भाकरीच हवी होती. तिला दुसरं काही गोड लागायचं नाही. सून पुण्याची, पोळीवाली. म्हणाली, "बाबा, एजवेअरच्या काकूंकडून पोळ्या मागवू का? एकदम सॉफ्ट असतात."

म्हटलं, "पोळ्या तू खा. तिला भाकरी. मी थापतो."

भाकरी मला येते. आम्ही मंगळवेढ्याकडचे. आई रानात गेली की लहानपणी मीच थापायचो. शाळेत फार गेलो नाही, मग वेळ होता.

स्टॅनमोरला मुलाच्या घरी किचनमध्ये एक उंच टेबल आहे. तिथं नात लॅपटॉप घेऊन बसली होती. तिचा जन्म इथलाच, मराठी मोडकंतोडकं. तिला शाळेचा प्रोजेक्ट होता, अमेरिकेतल्या शेतीचा. इंग्लंडमध्ये राहून अमेरिकेची शेती कशाला, ते मला कळलं नाही. मी परातीत पीठ घेतलं, नळाचं पाणी घातलं, मळायला लागलो. ती एकेक वाचून सांगत होती.

"आजोबा, मक्याच्या कणसावर ओळी नेहमी ईव्हन नंबर असतात."

हात पुसून फ्रीजमधलं कणीस काढलं, मोजलं. खरंच सम. एवढी कणसं सोलली, पण हे कधी बघितलं नव्हतं.

"आणि बदामचा झाडांना फुलं आली की मधमाश्या लॉरीत घालून आणतात. खूप लांबून."

"माश्यांना भाडं कोण देतं?"

"आजोबा! आणि टर्की इतकी जाड केली आहेत की त्यांना स्वतः बाळं होत नाहीत. माणसं हेल्प करतात."

"कसली हेल्प?"

सून सिंककडून म्हणाली, "बाबा, तो टॉपिक नको."

मी पीठ मळत राहिलो, पण डोकं तिथंच अडकलं. कोंबड्याला जमत नाही म्हणून माणूस लागतो? मग त्या कोंबड्याचा उपयोग काय?

इकडं पहिली भाकरी थापताना कडेनं फाटली. दुसरी उचलली तर दोन तुकडे. तिसरी तव्यापर्यंत गेली आणि तिथं भुगा झाला. गुरुजींनी बाराच्या आत नैवेद्य दाखवा म्हणून सांगितलं होतं. घड्याळ बघून सून म्हणाली, "मी काकूंना फोन करते हं."

"थांब जरा!"

तेवढ्यात नात म्हणाली, "हे बघा, सोरगम. म्हणजे ज्वारी ना? अमेरिकेत सगळ्यात जास्त होतो. गाईंना देतात, डुकरांना देतात, त्याचं कारचं पेट्रोल पण करतात."

तिनं फोटो दाखवला. लांबच्या लांब रान आणि जोंधळा माणसाच्या कमरेएवढा. आमच्याकडं जोंधळ्यात बैल शिरला तर दिसत नाही.

"हा असा बुटका का?"

"मशीनला कापायला इझी म्हणून."

"मग कडबा? जनावरं खाणार काय?"

"दाणे खातात ना."

म्हणजे दाणे जनावराला आणि कडबा कुणालाच नाही. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हटलं, हेच ते! अमेरिकेचं पीठ गळ्यात मारलंय. डुकराचं खाणं, त्याची भाकरी होईल कशी? दुकानदाराला चार शिव्या दिल्या, मराठीत.

नातीनं पाकीट उलटं करून वाचलं. "आजोबा, इंडियाचा आहे हे."

म्हणजे पीठ आपलंच. हातही माझेच. मग भाकरी का मोडते? मी खुर्चीवर बसलो. पुन्हा मळावं की पोळीला हो म्हणावं, काही सुचेना. हार घातलेल्या फोटोतली बायको समोर. तिच्याकडं बघवेना.

नात म्हणाली, "पण तुम्ही किटल नाही लावला. आजी नेहमी किटल लावायचा. बॉइलिंग पाणी, आधी चमच्यानं, मग हातानं."

गावाकडं दळण ताजं असायचं, गार पाण्यानं भागायचं. इथलं पीठ किती महिने पाकिटात बसलेलं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली. बायको उकळत्या पाण्यानं ती परत आणायची. आणि मी इतकी वर्षं जेवताना म्हणायचो, इथलं पीठ बाकी चांगलं असतं हां. ती वाढत राहायची.

किटली लावली. बोटं भाजली. भाकरी कडेला जराशी फाटली, पण तव्यावरून गॅसवर टाकली तशी टम्म फुगली. बाराच्या आत फोटोपुढं ठेवली, वर लोण्याचा गोळा.

नात म्हणाली, "आजीला आवडेल."

मी मान हलवली. पण बायकोला हे उकळत्या पाण्याचं कुणी शिकवलं? तिची आई गावाबाहेर कधी गेली नव्हती. इथं आलो तेव्हा शेजारी सगळे गोरे होते. एवढं मला का सांगितलं नाही? मी इथल्या कारखान्यातून कामावरून आल्यावर आम्ही रोज बोलत होतो की. मग बोलत काय होतो?

भाकरी गार होईपर्यंत तिथंच बसलो.