गंजातला हुंकार

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की मी सौंसरला फोन लावायची. त्या दिवशीही लावला. चष्मा डोळ्यांवर, पुस्तक मांडीवर, खुणेचा दोरा काढून बाजूला ठेवलेला. फोन बराच वेळ वाजला, आणि विमलऐवजी भाऊजींनी उचलला. विमलच्या या यजमानांचा आणि फोनचा छत्तीसचा आकडा, त्यामुळे मी जरा चपापलेच. मग ते म्हणाले, "बाई, आज वाचू नका... जेवून आडवी झाली होती. फोन वाजून राहिला, उचलून नाही राहिली, म्हणून पाह्यलं त..." मला कळलं होतं. मी पुस्तक मिटलं, आणि सवयीनं दोरा मात्र जागच्या जागी घातला.

विमल आणि मी सौंसरच्या मराठी शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे ती संत्र्याच्या बगिच्यात संसाराला लागली आणि मी मास्तरीण होऊन पांढुर्ण्याला आले. सीमेपलीकडच्या आमच्या या मुलखात घरात मराठी आणि दुकानांच्या पाट्यांवर हिंदी. मराठी पुस्तक हवं तर कोणीतरी नागपूरला जाणार असेल त्याच्या मागे लागायचं. आलेलं पुस्तक आधी मी वाचायची, मग बसनं सौंसरला निघालेल्या कोणाच्याही हातात द्यायची. तिच्याकडून ते परत यायचं तेव्हा पानांना संत्र्याच्या सालीचा वास असायचा. कधी एखाद्या पानावर पिवळा अंगठाही उमटलेला असायचा. मी रागावले की म्हणायची, "संत्र्याचा तोडा चालू हाय वं इथं. हात धूत बसू का गोष्ट वाचू?"

मग तिची साखर वाढली आणि नजर गेली. ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, काही उपयोग झाला नाही. मी म्हटलं, मी फोनवर वाचून दाखवते. तर बाईसाहेबांनी अट घातली, "वाच, पन हुंकारावर वाचजो." आमच्या लहानपणी गोष्ट सांगणारा आधी विचारायचा, हुंकार कोण देणार? ऐकणाऱ्यानं मधून मधून "हूं" म्हणायचं. ते थांबलं, की गोष्टही थांबली. म्हणून परिच्छेद संपला की मी थांबायची, तिकडून "हूं" यायचं, मग पुढे. फोनचा आवाज तिला पुरायचा नाही, म्हणून तिनं स्वयंपाकघरातला एक खोल गंज आणून खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला होता. फोन त्या गंजात ठेवला की माझा आवाज खोलीभर घुमायचा. तिचं "हूं"ही त्या पातेल्याच्या पोटातून आल्यासारखं घुमत माझ्यापर्यंत यायचं. माझी ही दुपारची शाळा भाऊजींना मुळीच पसंत नव्हती. "भरली का शाळा?" असं मोठ्यानं म्हणून ते बाहेर छपरीत जाऊन बसायचे, ते मला फोनवर ऐकू यायचं.

तिच्या हुंकाराचेही प्रकार होते. पटलं तर आखूड. लेखक उगाच लांबण लावत असेल तर लांबट, जांभई मिसळलेलं. एखादं पात्र डोक्यात गेलं, की "हूं" नाहीच, नुसतं "हॅट!" महिन्याच्या शेवटी आम्ही त्या महिन्यातल्या वाचनाची उजळणी करायचो. तिची परीक्षा एकच होती : हा माणूस दारात आला तर त्याला चहा द्यायचा का? मोठमोठ्या नायकांना तिनं बिनचहाचं परत पाठवलं.

शेवटच्या कादंबरीत रुसून गेलेला भाऊ कितीतरी वर्षांनी बहिणीच्या दारात येऊन कडी वाजवतो. तिथं आम्ही थांबलो होतो. विमल म्हणाली होती, "उघडू नको म्हना तिले. इतके दिवस कुठं होता हा?"

ती गेल्यानंतरच्या महिन्यात मी काय वाचलं, असं कोणी विचारलं तर खरं सांगते, काहीच नाही. पुस्तकं पुष्कळ उघडली. कपाटातली जुनी काढली, शेजारणीनं आणून दिलेली चाळली. परिच्छेद संपला की मी थांबायची. मनातल्या मनात वाचत असले तरी थांबायचीच. घरात पंख्याची घरघर तेवढी. पुण्याचा मुलगा म्हणाला, "आई, मोबाईलवर पुस्तकं ऐकता येतात, तीच लाव ना." लावलं. वाचणाऱ्याचा आवाज छान होता. मी आपलं "हूं" म्हटलं, तर तो बुवा आपल्याच नादात पुढे निघून गेला. मी बंद करून टाकलं. सगळे म्हणायचे, बाई विमलसाठी किती करतात. मलाही तसंच वाटायचं. माझे यजमान गेल्यापासून माझ्या बोलण्याला "हूं" म्हणणारं या घरात कोणी नव्हतं, आणि ते मला रोज सौंसरहून मिळत होतं, हे आता कळतंय. फार एकटं वाटतं.

तिच्या मासिक श्राद्धाला सौंसरला गेले तेव्हा ती कादंबरी पिशवीत घेतली होती. तिथंच ठेवून यायची आणि वाचनाचा नाद सोडायचा, असं ठरवूनच निघाले होते. पानं उठली, पाहुणे गेले. खाट उभी करून ठेवली होती, पण स्टुलावर गंज तसाच. भाऊजी म्हणाले, "सून घासाले नेऊन राहिली होती. म्या म्हनलं, राहू दे."

मी पुस्तक गंजाशेजारी ठेवलं. म्हटलं, "हे राहू द्या इथं. आता माझ्याच्यानं होत नाही."

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. मग खाली मान घालून विचारलं, "तिनं दार उघडलं का मंग?"

मला आधी उमगलंच नाही. मग लक्षात आलं, छपरीत बसून हे गृहस्थ सगळं ऐकत होते. "उघडलं का नाही, मलाही माहीत नाही," मी म्हटलं, दोरा काढला आणि तिथंच वाचायला लागले. परिच्छेद संपला. मी थांबले. भाऊजी गंजाकडे पाहत होते, मीही तिकडेच पाहत होते. कितीतरी वेळ... मग पुढची ओळ मला दिसेना. पुस्तक पिशवीत घातलं आणि मिळाली ती बस धरली.

दुसऱ्या दिवशी ओटा पुसून झाल्यावर मी फोन लावला. भाऊजींनी उचलला. फोन गंजात ठेवल्याचा खणकन आवाज आला. मी वाचलं. बहीण कडीपर्यंत येते आणि हात कडीवर ठेवून उभी राहते, इथं परिच्छेद संपला. मी थांबले. गंजाची पोकळी तेवढी कानात घुमत होती. आता फोन ठेवावा, असं मनात आलं, इतक्यात भाऊजी खाकरले.

ते "हूं" नव्हतं. मी पुढे वाचू लागले.