गजरानं शिवलेलं पुस्तक

या, बसा त्या पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर. मोडत न्हाई तो. चहा येईस्तोवर तुम्हाला एक सांगतो, आज दुपारचंच. हसायचं तर हसा, पण मधी बोलू नका.

देशादेशांनी एकमेकांशी कसं वागायचं, त्याच्या कायद्यांचं एक जुनं पुस्तक हाय. संस्थानाच्या काळात कुणा वकिलानं लिहिलेलं. आमच्या छापखान्यात ते एकदा परत छापलं, तेव्हा माझ्या बायकोनं, गजरानं शिवलं. तिला अक्षर येत नव्हतं. मालकांना म्हणाली, "ह्यात हाय तरी काय?" मालक म्हणाले, "राजांनी भांडताना पण कसं नीट वागावं, ते." तर म्हणती, "मग जावाजावांचं पण एक काढा की!"

आता लॉ कॉलेजच्या हर्डीकर मॅडमना ते पुन्हा छापायचंय. जुनं वाक्य वर, आजच्या पोरांना कळेल असं खाली. प्रत एकच उरली, माझ्याकडची. पण गजराची शिलाई कडेनं, आणि अशी घट्ट, की डाव्या पानावर ओळीची शेपटी आत गेलेली, उजव्या पानावर डोकं. फोटोत येत न्हाई. मॅडम म्हणतात, "बाबा, शिलाई उसवा."

गजरा जाऊन दोन वर्षं झाली. लुगडी पोरींनी नेली. तिच्या हातचं म्हणावं असं एवढंच राहिलं. मी आज करतो, उद्या करतो म्हणत टोलवत होतो. आज सकाळी मॅडमचा फोन. "संध्याकाळी येते. जमणार नसेल तर स्पष्ट सांगा, मी काम बंद करते." रागावल्या न्हाईत, त्याचंच वाईट वाटलं. मागं त्यांनी एक पान वाचून दाखवलेलं मला. लढाई थांबली की पांढरं निशाण घेऊन समोरच्या हद्दीत जाता येतं. आपली मेलेली माणसं मागता येतात. आणि धरलेली माणसं दोन्हीकडनं सोडायची.

भाकरी खाल्ली, पुस्तक मांडीवर घेतलं, आणि डोळे जड झाले.

पंख्याचा आवाज लांब लांब जातोय. माझ्या हातात बाइंडिंगचं पांढरं कापड. कागदाच्या कातरणातनं चाललोय, घोट्यापर्यंत कातरण. मग ते कातरण न्हाई, ऊस तोडलेलं रान हाय, पाचट पायाला टोचतंय. पुढं तंबू. शिपाई बंदूक आडवी धरतो.

"काय पाहिजे?"

"माझं माणूस मागायला आलोय."

तो कापडाला बोटं लावून बघतो, जसं गिऱ्हाईक बघतं, आणि बाजूला होतो.

तंबूत शिरतो तर मिरजेच्या दवाखान्यातला वॉर्ड, गजरा शेवटी होती तोच. खाटाखाटांवर छापलेल्या कागदांचे ढीग, वर चादरी घातलेल्या. शेवटच्या खाटेवर गजरा मांडी घालून बसलीय. शिवतीय.

"आलात? जेवलात का?"

"जेवलो. चल, तुला न्यायला आलोय."

"असं कुठं असतं व्हय?"

"पुस्तकात लिहिलंय. आपलं मेलेलं माणूस मागता येतं."

"अवो, ते माती द्यायला. ती दिलीत की तुम्ही."

खाट आता आमच्या परसातल्या धुण्याच्या दगडाएवढी झालीय, आणि ती दगडावर बसून शिवतच हाय. तिच्या सुईतला दोरा जमिनीवरनं येऊन माझ्या मुठीत गेलाय. ती ओढते, पण येत न्हाई.

"मूठ उघडा. हात दुखाय लागला माझा."

"उघडली की तू जाशील."

"मी कवाच गेले. तुम्हीच धरून ठेवलंय. पुढचं वाचलं न्हाई का त्यात? धरलेलं सोडायचं असतं."

"एवढी घट्ट शिवायची कशाला पण?"

"मालक म्हणाले, पोरं फाडतात. आणि काही माणसं असतात, जरा सैल सोडलं की पसरतात." माझ्याकडं बघून हसती. मग हसू जातं. "मला वाचता आलं असतं तर बरं झालं असतं बघा. एवढं शिवलं, आत काय हाय ते कधी कळलं न्हाई. आता कुणी वाचतंय तर त्यांच्या ओळी माझ्या दोऱ्यात अडकल्यात. बरं दिसतं का ते?"

मी एकेक बोट उघडतो. करंगळी शेवटी. लई दुखतं.

जागा झालो तर पंखा फिरतोय, आणि मांडीवर पुस्तक सुटं. सगळी पानं मोकळी. दोरा अखंड, वेटोळं करून वर ठेवलेला. तुम्ही म्हणाल, मीच उसवला असंल झोपेत, हाताला सवय हाय. मला पण तसंच वाटलं. पण दोऱ्याचं एक टोक ओलं होतं. सुईत ओवायला बाया ओठात धरतात ना, तेवढंच. बोट लावून बघा, अजून गार लागतंय.

पानं ह्या फडक्यात बांधलीत. मॅडमच्या गाडीचा आवाज आला बघा. माझं एक काम करा. तुमच्या हातानं हे त्यांना द्या, दोऱ्यासकट. मी तेवढा वेळ तिकडं तोंड करून बसतो.