राजासमोरचं प्यादं

नांदगाव स्टेशनच्या बाकावर रोज सकाळी एक गृहस्थ असायचे. मांडीवर चुंबकाचा छोटा बुद्धिबळाचा पट आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपलेला, एका हरलेल्या डावाचा कागद. गाडी येईपर्यंत ते तोच डाव मांडत, अकराव्या चालीपर्यंत येत, मान हलवत आणि सोंगट्या परत पहिल्या घरांत ठेवत.

एकदा मी विचारलं. जिल्ह्याच्या स्पर्धेतला शेवटचा डाव होता, म्हणाले. आयुष्यभर ते पहिल्या चालीला वजिरासमोरचं प्यादं पुढे काढून खेळले होते. त्या दिवशी मात्र निघण्यापूर्वी त्यांनी गावच्या देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी पडली तर राजासमोरचं प्यादं, डावी पडली तर नेहमीचं. उजवी पडली. अकराव्या चालीला त्यांचा वजीर गेला.

"यंदाही स्पर्धा आहे ना? मग नेहमीचंच खेळा की," मी म्हटलं.

"मगे देवीक इचारलंय कित्याक?" ते शांतपणे म्हणाले. "देवीन पयली चाल सांगल्यान. फुडचो अभ्यास माका करूक व्हयो होतो."

आणि त्यांनी राजासमोरचं प्यादं पुन्हा दोन घरं पुढे सरकवलं.

मी गाडीच्या दिशेला बघू लागलो. कणकवलीच्या कचेरीतून बदली मागताना मीही कौल लावला होता. देवीने तीनदा नको म्हटलं, म्हणून मी चौथ्यांदा लावला. तेव्हा कुठे ती हो म्हणाली, आणि तेव्हापासून नव्या कचेरीची गाडी पकडायला मी रोज सकाळी त्या बाकावर असायचो.