नवमीला जेवणारी रायफल

तुमच्या आत्याची रायफल मी उकळत्या पाण्याने धुतली, हे ऐकून तुमचे बाबा फोनवर खूप हसले. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं. बाकीचं तुम्हा नातवंडांना लिहिते आहे, कारण तुम्ही आता मोठे आहात आणि आत्याला फोनवर काय विचारायचं नाही हे तुम्हाला कळायला हवं.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. थेंब चालू आहेत. पण गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नेम ती उजव्या डोळ्यानेच धरते. म्हणजे नेमबाजीच्या राज्यस्पर्धेला जायचं तर यंदाच. क्लबच्या रायफलवर निवड होण्यासारखी नव्हती आणि नवी घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. देवळ्याकडच्या एका मळ्यात परदेशी बनावटीची जुनी रायफल विकायला आहे असं कळलं, तशा आम्ही दोघी गेलो.

कांद्याच्या चाळीमागे घर होतं. मालकाने रायफल जुन्या साडीत गुंडाळून आणली. लाकडी दस्त्यावर हळदीकुंकवाचे थर चढले होते. आत्याने मागचा सरकता बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली, तर पलीकडचं काही दिसेना.

"साफ कधी केली होती?"

"साफ नाय केली ताई. पुजली."

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात, ते तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. आपण विळी, शिलाई मशीन, बाबांचा लॅपटॉप मांडायचो. त्या घरात रायफलला जेवायलाही घालत. पातळ केलेल्या तुपात गूळ, चिमूटभर कुंकू आणि अक्षता कालवायच्या आणि ते थेट नळीच्या तोंडात ओतायचं. वर्षानुवर्षं.

ओट्यावर मालकाची आई बसली होती. ती मला म्हणाली, "तिला उपाशी नका ठेवू बाई. एक साल सुतक व्हतं, पूजा राह्यली. तिनं माणूस घेतला."

"आई, गप ना."

"मी खोटं बोलते का? त्यो काय, समोर हाय."

समोरच्या भिंतीवर एका तरुणाचा हार घातलेला फोटो होता. मालकाने तिकडे पाहिलं नाही. "धाकटा भाऊ माझा," तो म्हणाला. "पुसता पुसता सुटली. गोळी आत राहिली होती, बस. त्यानंतर कुणी चालवली नाय."

परत येताना गाडीत मी म्हटलं, आपण दुसरी बघू. आत्या म्हणाली, "दुसरी मिळेपर्यंत माझा डोळा थांबणार आहे का?"

परवान्याचे सोपस्कार झाले आणि रायफल घरी आली. आत्या दिवसभर बँकेत, म्हणून साफसफाई मी अंगावर घेतली. गच्चीतल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. रायफल रिकामी असल्याची तिने दाखवल्याप्रमाणे खात्री करायचे, बोल्ट काढायचे आणि मागच्या बाजूने सळई घालायचे. पितळी तारांचा ब्रश, दुकानातून आणलेलं सॉल्व्हंट, आजोबांच्या मलमलच्या सदऱ्याच्या चिंध्या. आधी काजळी निघाली, मग शिशाचे करडे कपटे, मग तपकिरी चिकटा. संध्याकाळपर्यंत चिंधी कोरी निघायला लागली.

सकाळी पाहिलं तर चिंधी पुन्हा तपकिरी. मधोमध लाल डाग, आणि गूळ करपल्याचा वास, अगदी ताजा. असं रोज व्हायला लागलं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला.

"आई, तू हिला चोरून भरवतेस की काय?"

"तूच भरवत असशील. डबा रोज अर्धा परत आणतेस."

हसलो दोघी. पण त्या दिवसापासून आत्या जेवताना त्या कपाटाकडे पाठ करून बसेना.

एकदा खीर लागली आणि पातेलं गरम पाण्यात भिजत घालताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सॉल्व्हंटने तूप सुटतं, शिसं सुटतं. गूळ कसा सुटेल? खालच्या थरातला गूळच रोज पाझरत होता. मी नळी दस्त्यापासून वेगळी करवून घेतली आणि भर दुपारी मोरीत तिच्यातून उकळतं पाणी सोडलं. ती घटाघटा आवाज करत होती, कुणी खूप दिवसांचं तहानलेलं प्यावं तसा. खालून चहासारखं पाणी आलं, मग लाल, मग काळे पडलेले तांदळाचे दाणे. तापलेली नळी आपोआप कोरडी झाली. तेलाचा हात दिल्यावर नळीतल्या पीळदार खाचा आरशासारख्या चमकल्या. सकाळी चिंधी पांढरी निघाली.

इथपर्यंत सगळ्याचा अर्थ लागतो.

निवडचाचणी दसऱ्यानंतर लगेच होती. नवमीला रायफल पाटावर ठेवली तेव्हा आत्या हळूच म्हणाली, "आई, एक थेंब लाव ना तोंडाशी."

"आणि नेम भरकटला म्हणजे? नळीत काही राहू द्यायचं नाही, तूच शिकवलंस मला."

"माझा डोळा चाललाय. आता कुणाशी वैर कशाला घेऊ?"

मी ऐकलं नाही. दस्त्यावर फूल वाहिलं आणि नैवेद्य वाटीत ठेवला. नळीला हात लावू दिला नाही.

चाचणीला मी मागच्या बाकावर बसले होते. दुर्बिणीतून बघणारे गृहस्थ आधी मान डोलवत होते, मग नुसतेच बघत राहिले. गोळ्या एकीवर एक मधोमध जात होत्या. आत्याची निवड झाली. लोक हात मिळवायला आले. ती त्यांच्या हाताच्या जरा बाजूला हात पुढे करत होती.

रिक्षात ती म्हणाली, "आई, चौथ्या गोळीनंतर मला टार्गेट दिसत नव्हतं. नुसतं पांढरं."

"मग थांबली का नाहीस?"

"थांबणार होते. पण नळी आपली आपण जराशी सरकायची आणि थांबायची. ती थांबली की मी ट्रिगर दाबायचे."

डॉक्टरांकडे नेलं. आता दोन्ही डोळ्यांची नजर उतरली आहे, आणि इतक्या लवकर का, ते त्यांनाही सांगता येईना. स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे; तोवर डोळ्याचं तिला फोनवर विचारू नका. रायफल देऊन टाकू, असं मी म्हणून पाहिलं. "जिंकायला लागल्यावर?" एवढंच ती म्हणाली.

घरी ती रिकाम्या रायफलने सराव करते, भिंतीवर चिकटवलेल्या ठिपक्यावर. काल चहा घेऊन गेले तर दोन्ही डोळे मिटून उभी होती. नळी हळूहळू ठिपक्यावरून सरकत माझ्या बाजूला येत होती. मी कप खाली ठेवला आणि भिंतीच्या कडेकडेने तिच्या मागे जाऊन उभी राहिले.