निश्चिंत काळविटांचा अहवाल

काळविटाला न पकडता, त्याला हातही न लावता त्याच्यावर किती ताण आहे ते कळू शकतं. त्याच्या ताज्या लेंड्या बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायच्या. तणावाचं संप्रेरक त्यांत उतरलेलं असतं. माणसांसाठी अशी चौकशी आमच्याकडे कुणी केली नाही. त्या दुष्काळात शहरातल्या नळांना आठ-आठ दिवस पाणी नव्हतं, तरी शहर जालना रोडनं वाढतच होतं.

करमाडच्या पुढं एका गावाचं गायरान होतं. तिथं कारखान्यांसाठी प्लॉट पाडायचे होते आणि काळविटांचा एक कळप आडवा आला. शेजारी सुरू झालेल्या कामाचा कळपाला ताण होतो असं निघालं तर गायरान वाचणार, नाही तर प्लॉट. हे ठरवायचं काम एका सल्लागार कचेरीला मिळालं. तिथला सर्वांत नवा, म्हणजे उन्हात पाठवण्यालायक माणूस मीच होतो. एम.एस्सी. करून मुलगा लेंड्या वेचतो हे आईला सांगवेना, म्हणून ती शेजारी 'सर्वेक्षणावर आहे' असं सांगायची.

नियम कडक होता. कळप उठून जाईपर्यंत लांब बसायचं आणि मगच ओल्या लेंड्या उचलायच्या. दोन दिवस मी तसं केलं. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन बाभळीखाली आडवा झालो. त्या गायरानात शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांनी मला पाणी पाजलं आणि कशासाठी एवढा मरतोयस म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, मी दिवस उगवल्यापासून इथंच असतो, वेचून ठेवत जाईन, तू येऊन घेऊन जात जा.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. रोज सकाळी मी मोटारसायकलवर बर्फाचा डबा बांधून जायचो. ओल्या पोत्याखाली पिशव्या तयार असायच्या, काठोकाठ भरलेल्या. चाचांचा चहा प्यायचा आणि वहीत 'प्रत्यक्ष निरीक्षणानंतर संकलित' असं सुवाच्य अक्षरात लिहायचं, एवढंच माझं संशोधन उरलं.

निकाल आला. ताण जवळजवळ नाहीच. गवत जळालेलं, पाणवठा आटलेला, पलीकडं दिवसभर जेसीबीची धडधड, आणि काळविटं मात्र निवांत. मला शंका आली, पण आमच्या साहेबांना इतका आनंद झाला होता की शंका बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं. 'विकासकामं या प्राण्यांना मानवतात' असं त्यांनी अहवालात लिहिलं आणि प्लॉट मंजूर झाले.

मदतीबद्दल आभार मानायला मी चाचांकडं गेलो. बोलता बोलता कळप सध्या कुठं असतो म्हणून विचारलं.

"कळप कवाच गेला, बेटा. पाणी नाय तर थांबंल कशाला? लेंड्या कमी पडायला लागल्या. तू इतक्या लांबून यायचा, तुला अर्धी पिशवी कशी देऊ? मग आपल्या बकऱ्यांच्या टाकायला लागलो. पण एकदम ताज्या."

भाजीवाला वरून कोथिंबीर टाकतो, तितक्या मोकळ्या मनानं त्यांनी हे केलं होतं. आणि त्यांच्या शेळ्यांना कसला आलाय ताण? टँकरचं पाणी घरात येण्याआधी चाचा शेळ्यांना पाजायचे.

मी साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, लेंडीवर काय नाव लिहिलेलं असतं का? अहवाल गेला, आता तो विषय संपला. मी नोकरी सोडली नाही. त्याची लाज तेव्हाही वाटली, आजही वाटते.

गायरानाला तारेचं कुंपण पडू लागलं, त्या दिवशी मात्र मला राहवेना. चाचा शेळ्या घेऊन कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे होते. कुठल्या पिशवीनं काय ठरवलं ते मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी एकदा शेळ्यांकडं पाहिलं.

"म्हंजी आमच्या बकऱ्यांनीच सांगितलं, आम्ही इथं लई मजेत हाव, म्हणून आम्हाला इथनं काढा?"

मी हो म्हणालो.